खर्च पगारापेक्षा जास्त, क्रेडिट कार्डाची थकबाकी कशी फेडावी? सल्ला हवा

निफाडकर
नमस्कार. मी सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला असून दरमहा ४८,५०० रुपये हातात येतात. घरी आम्ही दोघे, आठवीतली मुलगी आणि माझी आई. गृहकर्जाचा हप्ता १७,८००, कामगार पतपेढीचा ५,४००, दुचाकीचा ३,१००, शाळेचे ३,५००, आईची औषधे २,८००, पत्नीची भिशी २,०००, कार्डाच्या बिलाची किमान रक्कम ७,००० आणि किराणा, दूध, गॅस, वीज, पेट्रोल मिळून १४,५००, असे एकंदर ५६,१०० रुपये जातात. म्हणजे महिन्याला ७,६०० कमी पडतात आणि ते मी कार्डावरच ढकलत आलो आहे. आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपासून सुरू झालेली ही थकबाकी आता १,४०,००० झाली आहे. वैयक्तिक कर्ज काढून कार्ड बंद करावे, की पत्नीचे दागिने गहाण ठेवावेत? ओव्हरटाइम सध्या बंद आहे आणि नवा हप्ता दोन हजारांच्या वर झेपणार नाही, हे कृपया ध्यानात घ्यावे.

कोथरूडकर
आम्ही उभ्या आयुष्यात एक रुपयाचे कर्ज काढले नाही, आणि सदनिकाही रोखीने घेतली. माझा सरळ सल्ला असा, की आधी म्युच्युअल फंडात दरमहा पाच हजारांची एसआयपी सुरू करावी, म्हणजे दहा वर्षांनी असा प्रश्नच उरणार नाही. भिशी मात्र आजच बंद करा.

निफाडकर
कोथरूडकर, आपला हेतू चांगला आहे, परंतु सात हजार सहाशे कमी पडत असताना पाच हजार कोठून काढावेत, तेही सांगितलेत तर बरे होईल.

वाईकर
दागिने गहाण ठेवू नका, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. एका वित्तसंस्थेने वर्षाअखेरीस मुद्दल आणि व्याज एकरकमी भरण्याच्या बोलीवर कर्ज दिले. दरमहा काहीच भरायचे नसल्याने अकरा महिने फार सुखाचे वाटले. बाराव्या महिन्यात पैसे उभे राहिले नाहीत, लिलावाची नोटीस आली आणि सासूबाईंच्या हातची मोहनमाळ गेली. घरात त्यावर आजही कोणी बोलत नाही.

सहकारप्रेमी
गहाणच ठेवायचे असेल, तर बँकेत ठेवा आणि दरमहा व्याज भरण्याची सोय मागून घ्या. दोष दागिन्यांचा नव्हे, एकरकमी परतफेडीचा आहे. तसेच पतपेढीच्या वाटेने एकदा विचारून पाहा. जुने कर्ज नवे करून वर एक लाख वाढवून देतात. आमच्या संस्थेत मला तीन वेळा मिळाले.

कोथरूडकर
आणि जामीनदारांचे काय? माझ्या मेहुण्याने एका सहकाऱ्यासाठी सही केली, तो गृहस्थ नोकरी सोडून गेला आणि कपात दोन वर्षे मेहुण्याच्या पगारातून होत राहिली.

सहकारप्रेमी
सही करताना माणूस पारखून घ्यावा, यात संस्थेचा काय दोष? आपण एक रुपयाही कर्ज काढले नाही म्हणता, मग पतपेढीविषयी इतक्या अधिकाराने कसे लिहिता, हे कळले नाही.

अन्नपूर्णा
चौघांना १४,५०० रुपये हा खर्च मला जास्त वाटतो. आम्ही वाणी सोडला आणि महिन्यातून एकदाच मोठ्या दुकानातून सामान भरतो. अर्थात तिथे गेल्यावर यादीत नसलेली बिस्किटे आणि प्लास्टिकचे डबेही टोपलीत येतात, हे मान्य आहे. भिशी बंद करा, हे वर आलेच आहे.

निवृत्त_रोखपाल
मी चौतीस वर्षे बँकेत होतो. वरील चर्चेत कार्डाचा हिशेब कोणीच मांडला नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मासिक ३.५ टक्के दर धरला, तर १,४०,००० वर एका महिन्याचे व्याज ४,९०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ८८२, असे ५,७८२ रुपये होतात. आपण ७,००० भरता, त्यातले मुद्दलात फक्त १,२१८ जातात, आणि त्याच महिन्यात आपण ७,६०० पुन्हा कार्डावर टाकता. थकबाकी दरमहा सहा हजारांहून अधिक वाढते आहे. शिवाय मागील बाकी राहिली, की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासूनच व्याज लागते. दुधाच्या पिशवीवरही आपण व्याज भरत आहात.

वैयक्तिक कर्ज पाच वर्षांसाठी १४ टक्क्यांनी मिळाले, तर हप्ता सुमारे ३,२६० येईल. सात हजार जाऊन हा हप्ता आला, तरी ३,८६० ची तूट उरतेच आणि ती पुन्हा कार्डावर चढेल. म्हणून केवळ कर्ज बदलून भागणार नाही. गृहकर्ज बँकेचे आहे की गृहवित्त कंपनीचे? रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते, तो रेपो दर २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला. ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेकडून घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जाला ही कपात लागू होते, परंतु बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. आपण लेखी अर्ज देऊन मुदत पूर्वीइतकीच ठेवून हप्ता कमी करून मागू शकता. कंपनीचे कर्ज असेल, तर दर आपोआप उतरेलच असे नाही. तेथे रूपांतर शुल्क भरून दर बदलून घ्यावा लागतो. आईंची औषधे जनऔषधी केंद्रात मिळतात का, हे डॉक्टरांना विचारून पाहावे. आणि भिशी बंद करावी.

सोलापूरकर
कार्ड कंपनीशी तडजोड करण्याच्या भानगडीत पडू नका. मी निम्म्या रकमेत मिटवले आणि मोठी शर्यत जिंकल्यासारखा घरी आलो. पुढे मुलाच्या शैक्षणिक कर्जाच्या वेळी कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलच्या अहवालात "सेटल्ड" असा शेरा निघाला आणि शाखाधिकाऱ्यांनी अर्ज परत दिला. पूर्ण रक्कम भरली, तरच खाते "क्लोज्ड" दिसते. वसुलीवाल्यांचे फोन मात्र सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर येता कामा नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मला हे कळले, तोवर सगळे आटोपले होते.

वाईकर
पुन्हा सांगतो, दागिन्यांना हात लावू नका.

कोथरूडकर
एसआयपीबद्दल कोणीच काही बोलले नाही, याचे आश्चर्य वाटते.

निफाडकर
सर्वांचे आभार. रोखपालसाहेबांचा हिशेब मी वहीत उतरवून पत्नीला दाखवला. तिने तो दोनदा वाचला आणि विचारले, "तूट सात हजार सहाशे आणि कार्डाला जातात सात हजार, मग कार्डच नसते तर?" दुसऱ्या दिवशी ती पाटल्या रुमालात गुंडाळून सराफाकडे घेऊन गेली आणि गहाण न ठेवता मोडूनच आली. मी दुकानात मान वर करून पाहू शकलो नाही. ती मात्र काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचून घेत होती. कार्डाची सगळी बाकी भरली, खाते बंद झाल्याचे पत्र मागितले आहे. आता सहाशे रुपये कमी पडतात, आणि आईच्या पाचपैकी तीन गोळ्या जनऔषधी केंद्रात मिळू लागल्याने तेवढे जुळते आहे. गृहकर्ज कंपनीचे निघाले. शुल्क किती ते विचारले आहे. भिशी मात्र चालू राहील. आपण सर्वांनी ती बंद करायला सांगितले, पण पाटल्या पुन्हा करायच्या तर त्याच पैशांतून होतील, असे तिचे म्हणणे आहे आणि या वेळी मी वाद घातला नाही.

वाईकर
मोडायला नको होत्या. घट किती धरली?