चांद्रयानावरून वाचन घ्यायचंय, पण श्रावणात चंद्र दिसतो कुठे?

सुरंगी (दापोली तालुका)

नमस्कार मंडळी. मी किनाऱ्यावरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. द्विशिक्षकी शाळा, त्यामुळे तिसरी-चौथी एकाच खोलीत माझ्याकडे. निम्मी मुलं मच्छीमारांची, बाकीची वाडीतली.

अडचण अशी. वाचन म्हणाल तर मुलं वाचतात. धडाधड वाचतात. गेल्या आठवड्यात चौथीतल्या एकाने फळ्यावरचं वाक्य अगदी बातम्यांसारखं वाचून दाखवलं : ‘विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरला.’ मी विचारलं, कोण उतरलं? तो म्हणाला, ‘चंद्र.’ वर्ग हसला नाही, म्हणजे बाकीच्यांनाही ते खटकलं नव्हतं. तिसरीची तऱ्हा निराळी. जोडाक्षर आलं की गाडी थांबते. ‘प्रज्ञान’ (विक्रमबरोबर गेलेली चाकांची गाडी) हा शब्द समोर आला की माझ्या तोंडाकडे बघतात.

२३ ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिन असतो. दरवर्षी आम्ही पुठ्ठ्याचं यान करतो, घोषणा देतो, फोटो गटावर टाकतो, संपलं. यंदा मला महिनाभर चंद्र धरून भाषा घ्यायची आहे. वाचणं, समजणं, चार वाक्यं स्वतःची लिहिणं. विज्ञानाचा तास नको, तो वेगळा होतोच.

पण आमच्याकडे पुस्तकं मोजकी, नेट कौलावर चढलं तर येतं, आणि ऑगस्टात आकाश बघायची सोय नाही. परवा एकीने विचारलंच, ‘बाई, ढगात आहे म्हणता, पण आहे कशावरून?’ कोणी असं काही केलंय का?

जांभा (देवगड)

सुरंगीबाई, मी निवृत्त शिक्षिका. सगळी नोकरी किनाऱ्यालाच झाली, एकशिक्षकीपासून सातवीपर्यंतच्या शाळांत. तुमच्या त्या मुलीला आधी शाबासकी द्या. तिने तुमच्या महिनाभराचा प्रश्न आयता हातात दिलाय : आहे कशावरून?

चंद्र दिसत नाही म्हणून अडून राहू नका. भरती दिसते ना? मग झालं. तुमच्या मुलांच्या आज्यांना, बापांना पाऊणपटीचा हिशोब माहीत असणार. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला पाणी भरलेलं. पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. चंद्र पृथ्वीभोवती फिरता फिरता रोज थोडा पुढे सरकतो, म्हणून आपला किनारा पुन्हा त्याच्यासमोर यायला सुमारे पन्नास मिनिटं जास्त लागतात आणि भरती तेवढी उशिरा येते. पाऊण तासाचं गणित त्यातूनच आलं. ढगाआडचा चंद्र कुठे पोचलाय ते पाणी सांगतं.

यात भाषा कुठे आली? सांगते.

पहिलं पुस्तक म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. ते प्रत्येक घरात आहे, फुकट आहे, आणि त्यातला मजकूर बारीक असला तरी मुलांच्या कामाचा आहे. तिसरीला जोडाक्षरं अडतात म्हणता ना, तिथ्या वाचायला द्या. प्रतिपदेत प्र, द्वितीयेत द्व, चतुर्थीत रफार, षष्ठीत ष्ठ, सप्तमीत प्त, अष्टमीत ष्ट, त्रयोदशीत त्र, शुक्ल आणि कृष्ण पक्षांत क्ल आणि ष्ण. मधे नवमी, दशमी, एकादशी येतात तिथे पोराला दम खायला मिळतो. पंधरवड्यात सगळ्या येऊन जातात आणि पुढच्या पंधरवड्यात त्याच पुन्हा येतात. उजळणी मी मागून घेत नसे, पंचांगच घ्यायचं. रोज एका मुलाने तिथी वाचायची, दुसऱ्याने पाऊणपट करायची, तिसऱ्याने फळ्यावर वाक्य लिहायचं : ‘आज शुक्ल पंचमी. भरती पावणेचारला.’ दुसऱ्या दिवशी ज्याचं घर पाण्याजवळ, त्याने सांगायचं वाक्य खरं निघालं की नाही. आपण वाचलेलं वाक्य पडताळून बघता येतं ही गोष्ट मुलांना पुस्तकाबाबत सहसा कळतच नाही. पुस्तकात लिहिलंय म्हणजे बरोबर, मग त्यात ‘चंद्र उतरला’ म्हणालं काय आणि ‘विक्रम उतरला’ म्हणालं काय.

दुसरं, यानाची गोष्ट. ‘चांद्रयान : एक गौरवगाथा’ असला उतारा देऊ नका हो. त्यात विशेषणंच फार असतात. घडलं ते लहान लहान वाक्यांत पट्ट्यांवर लिहा. मी देते, तुम्ही मोठ्या अक्षरात उतरवून घ्या :

१४ जुलै २०२३ ला श्रीहरिकोटाहून चांद्रयान-३ निघालं.
२३ ऑगस्टला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम उतरला.
विक्रमच्या पोटातून सहा चाकांचा प्रज्ञान घसरणीवरून खाली आला.
२७ ऑगस्टला प्रज्ञानला समोर चार मीटर रुंदीचा खड्डा दिसला.
त्याने वाट बदलली.
३० ऑगस्टला त्याने विक्रमचा फोटो काढला.
२ सप्टेंबरला प्रज्ञानला झोपवलं.
३ सप्टेंबरला विक्रमने सुमारे चाळीस सेंटिमीटर उंच उडी मारली आणि थोडा बाजूला जाऊन पुन्हा उतरला.
४ सप्टेंबरला विक्रमही झोपला.
पुढे दोघांना उठवायचा प्रयत्न झाला. ते उठले नाहीत.

पट्ट्या पिसून द्या, क्रम लावायला सांगा. तारखा कापून टाकल्या तर चौथीला आणखी बरं. ‘पुन्हा’, ‘पुढे’, ‘दोघांना’ या शब्दांवर बोट ठेवून क्रम शोधावा लागतो. ‘दोघांना’ म्हणजे कोणाला, हे आधीच्या पट्ट्या वाचल्याशिवाय सांगता येत नाही. आणि खड्ड्याच्या पट्टीशी थांबा. पुढची दाखवू नका. आता काय करेल ते प्रत्येकाने एका वाक्यात लिहायचं. माझ्या वर्गातली मुलं त्या वयात काय लिहायची ते मला माहीत आहे : ‘तो पडेल आणि रडेल.’ लिहू दे. मग पट्टी उघडा.

प्रत्येक उत्तराला मात्र एकच उलट प्रश्न : कशावरून? मुलाने उठून त्या पट्टीवर बोट ठेवलं पाहिजे. दोन आठवड्यांत ती एकमेकांनाच विचारायला लागतात, आणि घरीही विचारतात, त्याची तक्रार आली तर ऐकून घ्या.

‘मी चंद्रावर गेलो तर’ हा निबंध तेवढा देऊ नका. सगळ्यांच्या वहीत एकच निबंध येतो.

उधाण

जांभाबाई, हिशोब बरोबर, पण पोरांना घड्याळासारखा शिकवू नका. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच. तिथी कधी गळते, कधी दोन दिवस तीच राहते. आणि खाडीत आत भरती उशिरा पोचते. आमच्याकडे बंदरावर पाणी उतरायला लागलं तरी वरच्या वाडीत अजून चढत असतं. त्यामुळे किनाऱ्याचा पोरगा आणि खाडीचा पोरगा भांडणार, दोघेही खरे. वहीत ‘भरती सहाला’ एवढंच नको, कुठे बघितली तेही लिहायला लावा.

आमचो आजो पंचांग उघडायचो नाय. तिथी विचारायचो आणि बोटांवर येळ सांगायचो. असे म्हातारे अजून आहेत. शाळेत बोलवा, खुर्ची द्या, पोरांना प्रश्न लिहून आणायला सांगा. भांग म्हणजे काय, उधाण कधी, ते चांगलं सांगतील. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, कारण सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढतात. अवस-पुनवेला दोघं एका रेषेत, म्हणून उधाण.

एक सांगून ठेवतो. ऑगस्टात पोरांना नोंदीसाठी पाण्याजवळ पाठवू नका. घराच्या पडवीतून दिसतं तेवढं बस. उधाणाच्या दिवशी तर नाहीच.

चष्मेवाली (रत्नागिरी)

मी शिक्षिका नाही. आमच्या आळीत रविवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवते, माझा चौथीतला त्यातच असतो. जांभाताईंचं पटलं, पण पूर्ण नाही. सगळंच पडताळून बघायचं म्हटलं तर गोष्ट कुठे जाणार? मुलांना प्रज्ञान एकटा राहिला याचं वाईट वाटतं. माझ्या मुलाने विचारलं, त्याला थंडी वाजत असेल ना? तिथे मी ‘कशावरून’ विचारलं असतं तर तो गप्प बसला असता.

आम्ही प्रज्ञानच्या नावाने पत्रं लिहिली. मात्र आधी वाचन केलं, नाहीतर सगळे ‘इथे खूप मजा येते’ लिहून मोकळे. प्रज्ञानचं वजन पृथ्वीवर २६ किलो, साधारण तांदळाच्या पोत्याएवढं. चंद्रावर ओढ एक षष्ठांश, म्हणजे तेच पोतं उचलताना चार-साडेचार किलोचं वाटेल. चाल सेकंदाला एक सेंटिमीटर. आम्ही फरशीवर खडूने एक मीटर आखला आणि मुलांना त्या चालीने जायला लावलं. शंभर सेकंद! एकालाही जमलं नाही, पण पत्रात ‘मी हळू चालतो’ याऐवजी काय काय आलं ते बघण्यासारखं होतं. एकीने लिहिलं, ‘मी एवढा हळू चालतो की तुमची आजी माझ्यापुढे जाईल.’

आणि एक गंमत. ३० ऑगस्ट २०२३ ला आपल्याकडे नारळी पौर्णिमा होती. ज्या दिवशी आपण समुद्राला नारळ दिला त्याच दिवशी प्रज्ञानने विक्रमचा फोटो काढला. आपल्याला पुनवेचा चंद्र दिसतो तेव्हा तिथून पृथ्वीची अंधारी बाजू दिसते, म्हणजे त्याच्याकडे पृथ्वीची अवसच. आणि पृथ्वी तिथे उगवत-मावळत नाही, क्षितिजाच्या थोडी वर, जवळजवळ एकाच जागी राहते. मुलांना हे सांगितल्यावर पत्रं बदलली. ‘आज तुमच्याकडे पूर्णिमा, माझ्याकडे तुम्ही दिसत नाही’ हे वाक्य चौथीतल्या मुलाचं आहे, मी काही सुचवलं नव्हतं.

जांभा (देवगड)

चष्मेवाली, हे झकास आहे, आणि थंडीच्या प्रश्नाला ‘कशावरून’ नको हे कबूल. तिथे ‘मग पुढे?’ विचारायचं. पण बघा, तुमच्या पत्रांत जीव कुठे आला? एक सेंटिमीटर आणि अंधारी पृथ्वी यांच्यामुळेच ना? मी पत्राला एवढीच अट घालेन की दोन गोष्टी पट्ट्यांवरच्या हव्यात, बाकी हवं ते लिहा. थंडीचंही पट्टीवर घेता येतं : चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांएवढी, ऊन नाही म्हणून वीज नाही, म्हणून झोपवलं. हे वाचल्यावर त्याच्या वाईट वाटण्याला आधार मिळतो.

सुरंगीबाई, सप्टेंबर-ऑक्टोबरात आकाश उघडलं की कृष्ण अष्टमीच्या सुमारास सकाळी दहाला मुलांना मैदानात उभं करा. अर्धा चंद्र पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला उतरत असतो. ‘चंद्र रात्री उगवतो’ असं वाक्य आदल्या दिवशी फळ्यावर लिहून ठेवा आणि मग ते दुरुस्त कसं करायचं यावर तास घ्या. माझ्या अनुभवात मुलं तिथे ‘कधीकधी’ हा शब्द पहिल्यांदा विचार करून वापरतात.

आणि वर्णन लिहायला काळा दगड वर्गात आणा. चंद्रावरचे काळे डाग बेसॉल्टचे, आपला सह्याद्रीचा काळा दगडही बेसॉल्टच. तांबड्या जांभ्या दगडाशेजारी ठेवा, डोळे मिटून हात लावायला सांगा, मग लिहू द्या.

सुरंगी (दापोली तालुका)

सगळ्यांचे आभार. तिथ्यांच्या पट्ट्या आज रात्रीच कापायला घेते. जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा स्वयंपाकाच्या ताई आणून देणार आहेत. उधाणदादा, एका मुलीचे आजोबा यायला तयार आहेत, पण म्हणतात ‘मी काय शिकवणार, मला सही येत नाही.’ त्यांना घेऊन येणार आहे.

एक राहिलंच. तिसरीत एक मुलगा आहे, त्याला अजून अक्षरंच नीट येत नाहीत. भरती-ओहोटीचं मात्र वर्गात सगळ्यांत जास्त त्यालाच कळतं. त्याला यात कसं घेऊ? पट्ट्या वाचायची वेळ आली की तो बाहेर पाणी प्यायला जातो.

जांभा (देवगड)

त्याला बोलू द्या आणि तुम्ही लिहा. रोज सकाळी त्याने दर्याची खबर सांगायची, तुम्ही त्याच्यासमोर, त्याच्याच शब्दांत फळ्यावर उतरवायची. ‘उदान हाय, बाबा आज होडी घालनार नाय’ म्हणाला तर तसंच लिहा, लगेच प्रमाण भाषेत फिरवू नका. मग त्याने बोट फिरवत ते वाचायचं. पाठ असल्यामुळे वाचेलच, आणि वाचता वाचता ‘हाय’ आणि ‘होडी’ यांतला ह ओळखीचा होईल. ते वाक्य पट्टीवर लिहून त्याच्या दप्तरात द्या. आठवड्याच्या पट्ट्या साठल्या की त्यातले शब्द कापून नवी वाक्यं करायला सांगा. प्रमाण मराठीतलं वाक्य त्याच्या वाक्याखाली हळूहळू यायला लागेल, बहुतेक दिवाळीनंतर.

आणि आजोबा येतील त्या दिवशी त्यांचं बोलणंही असंच लिहून घ्या. मोठ्याने वाचायचं काम त्या मुलाला द्या. आदल्या दिवशी त्याच्याकडून दोनदा म्हणून घ्या म्हणजे झालं.