गोलकीपरपासून खेळ बांधायला कसं शिकवायचं?

प्रश्न: कोल्हापुरात तेरा वर्षांखालच्या पोरांना फुटबॉल शिकवतो. गोलकिकवर (आपल्या गोलसमोरून खेळ पुन्हा सुरू करायची किक) बॉल मिळाला की मागचा गडी डोळे झाकून पुढं हाणतो, त्यात बाहेरून पालक ओरडतात, "मार की लांब!" ग्राउंड खडबडीत. पासिंगनं वर कसं आणायचं?

उत्तर १: २०१९ च्या नियमबदलापासून गोलकिकचा पास आपल्याच पेनल्टी बॉक्सात घेता येतो, त्याचा फायदा उठवा. दोन सेंटरबॅक (मधले बचावपटू) बॉक्सच्या दोन कडांना, डिफेन्सिव्ह मिडफिल्डर (बचावाच्या पुढचा मधला गडी) मधोमध. समोर आधी दोघंच प्रेसला, म्हणजे अंगावर धावून बॉल हिसकवायला ठेवा, जमलं की तिसरा सोडा.

उत्तर २: चारास दोन रोंडो (चौघांनी गोलात पास फिरवायचा, मधल्या दोघांनी बॉल हिसकवायचा) घ्याच, पण नुसतं गोल गोल नको, त्याला दिशा हवी. खरी मेख अंग उघडं, म्हणजे पुढचं मैदानही दिसेल असं तिरकं ठेवण्यात आहे. बॉल यायच्या आधी मान वळवून मागं बघायचं, बॉलपासून लांबच्या पायावर घ्यायचा. मी पोराच्या पाठीमागं उभा राहून बोटं दाखवतो; त्यानं आकडा ओरडला तरच पास.

प्रश्नकर्ता: भारी! आणि प्रेस अंगावर आला तर?

उत्तर २: तिसरा गडी शोधायचा. सेंटरबॅकनं थेट स्ट्रायकरला (सगळ्यात पुढच्या गड्याला) पास द्यायचा, त्यानं एका टचात मिडफिल्डरला मागं ठेवायचा. ज्या बाजूला खड्ड्यांत बॉल उसळतो, तिथं मात्र लांबच मारू द्या राव.