वाढवण बंदर आधी की न्हावा शेव्याचा रस्ता आधी?

करळफाटा_उरण

नमस्कार मंडळी. मी उरणचा, सोळा वर्षं झाली एका सीएचएकडे (कस्टम एजंटकडे) कामाला आहे, म्हणजे कस्टमचे कागद, फॉर्म १३, गेटपास, ट्रेलर लावणं, डबा (म्हणजे कंटेनर) सुटेपर्यंत फोनाफोनी, हे सगळं. वाढवणबद्दल दोन्ही बाजूंनी बरंच ऐकतोय, माझं मत मांडतो, पटलं नाही तर खोडून काढा पण पूर्ण वाचून काढा.

जून २०२४ मध्ये केंद्राने डहाणूजवळच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली, खर्च ७६,२२० कोटी, ऑगस्टमध्ये पालघरला पायाभरणी पण झाली. नऊ कंटेनर टर्मिनल, प्रत्येक एक किलोमीटर लांब, समुद्रात १,४४८ हेक्टर भराव. माझा प्रश्न एवढाच की आपलं जेएनपीटी, म्हणजे न्हावा शेव्याचं बंदर, नक्की कुठे अडतंय ते आधी कोणी बघितलं का? कारण जहाजावर अडत नाहीये हो. जहाज धक्क्याला लागलं की एका दिवसाच्या आसपास मोकळं होऊन निघतं, क्रेन आणि क्रेनवाले दोन्ही चांगले आहेत. डबा अडतो तो जहाजावरून उतरल्यानंतर.

गेल्या वर्षीचीच गोष्ट. चाकणच्या एका कारखान्याचा मशीनच्या पार्टचा डबा होता. रात्री जहाज लागलं, सकाळी डबा खाली. मग तो एका सीएफएसला (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात) गेला, तिथे स्कॅनिंगला नंबर लागला, मग तपासणीला माणसं नाहीत, मग शनिवार-रविवार, मग सोमवारी ट्रेलर मिळाला तर तो जासईच्या पुढे पाच तास उभा. चीनवरून आलेला डबा उरणवरून पनवेलला पोचायला सहा दिवस! पार्टीने मला फोनवर जे ऐकवलं ते बरोबरच होतं, त्यांची लाइन बंद पडली होती. असे डबे मी दर महिन्याला बघतो.

२०२४-२५ मध्ये जेएनपीटीने साधारण ७३ लाख टीईयू हाताळले (वीस फुटी एक डबा म्हणजे एक टीईयू). २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्याच भारत मुंबई टर्मिनलचा दुसरा टप्पा सुरू झाला, आता क्षमता एक कोटीच्या घरात गेलीय. म्हणजे जागा आहे. कमी आहे ते रस्ता, पार्किंग, रात्रीची तपासणी आणि रेल्वे. दादरी ते जेएनपीटी मालगाडीचा स्वतंत्र कॉरिडॉर, १,५०६ किलोमीटर, त्यात सगळ्यात शेवटी राहिलेला तुकडा कुठला? वैतरणा ते जेएनपीटी, म्हणजे नेमका बंदराला जोडणारा! आधी हे नीट करा, मग समुद्र भरायला घ्या असं माझं स्पष्ट मत आहे.

दर्यावर्दी_७९

दादा तुमचा अनुभव शंभर टक्के खरा आहे पण तुम्ही गेटच्या आतबाहेर बघताय आणि मी पुलावरून म्हणजे जहाजाच्या ब्रिजवरून बघतो, मर्चंट नेव्हीत आहे, कंटेनर जहाजांवरच. तिकडून चित्र वेगळं दिसतं.

आजची सगळ्यात मोठी जहाजं ४०० मीटर लांब, ६१ मीटर रुंद, २४ हजार टीईयूची. भरलेली असतील तर त्यांना सोळा मीटरच्या वर पाणी लागतं. मुंबईचा चॅनल खणून खणून १५ मीटरवर आणलाय, आणि मुंबईची खाडी म्हणजे गाळ, आज खणलं की पावसाळ्यात परत भरायला लागतं, म्हणजे ड्रेजिंगचा खर्च जन्मभराचा. शिवाय भरतीची वाट बघत बाहेर नांगर टाकून बसायचं ते वेगळंच. वाढवणला किनाऱ्यापासून फार लांब न जाता वीस मीटरच्या आसपास नैसर्गिक खोली आहे. अशी जागा पश्चिम किनाऱ्यावर मोजकीच, ती देवाने दिलीय ती कोणी रस्ता रुंद करून बनवू शकत नाही.

आणि याचा खिशावर परिणाम होतो. जहाज मोठं तसा एका डब्यामागचा खर्च कमी. मोठी जहाजं येत नाहीत म्हणून आपल्या देशाचा भरपूर माल छोट्या फीडर जहाजांनी कोलंबो, सिंगापूर, पोर्ट क्लांगला जातो आणि तिथे मोठ्या जहाजावर चढतो. एक डबा दोनदा उचलायचा, दोनदा ठेवायचा, त्याचे पैसे कोण भरतं? आपलाच कारखानदार आणि आपलाच शेतकरी. केरळात विळिंजमला जून २०२५ मध्ये एमएससी इरिना लागलं, २४,३४६ टीईयूचं जहाज, कारण तिथे खोली आहे. मुंद्र्याने २०२०-२१ मध्ये कंटेनरमध्ये जेएनपीटीला मागे टाकलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं. महाराष्ट्राने दहा वर्षं रस्ते दुरुस्त करत बसायचं आणि माल गुजरातला जाऊ द्यायचा का?

करळफाटा_उरण

खोलीचा मुद्दा मान्य. पण खोली आहे म्हणून बंदर चालतं असं नाही ना. कोचीचं वल्लारपाडम बघा, २०११ ला सुरू झालं, कोलंबोचा माल ओढून आणणार होते, किती वर्षं अर्धवट चाललं. श्रीलंकेतलं हंबनटोटा तर खोल पण आहे आणि मोठ्या जहाजांच्या वाटेवर पण आहे, तरी जहाजं वळेनात आणि २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या कराराने चिनी कंपनीकडे द्यावं लागलं. पैसा आणि काँक्रीट ओतून बंदर उभं राहतं, धंदा उभा राहायला मागे रस्ता, रेल्वे, गोदामं, कस्टमची माणसं सगळं लागतं.

दर्यावर्दी_७९

तुलना चुकतेय. हंबनटोट्याच्या मागे होतं काय? जंगल आणि छोटी गावं. वल्लारपाडमला ड्रेजिंगने खाल्लं, म्हणजे ते माझ्याच बाजूचं उदाहरण झालं. वाढवणच्या मागे वापी, तारापूर, भिवंडी, नाशिक, सगळा मुंबई पट्टा आहे, मुंबई-दिल्ली रेल्वे आणि हायवे जवळून जातो. माल तयार आहे. आणि तुमचं ७३ लाख विरुद्ध एक कोटीचं गणित पाच-सहा वर्षांत संपेल हो, आदल्या वर्षी आकडा ६४ लाख होता. एका वर्षात नऊ लाख वाढले! वाढवणचा पहिला टप्पा यायलाच २०३० उजाडणार. आज सुरू नाही केलं तर जेएनपीटी तुंबल्यावर जागं व्हायचं का?

करळफाटा_उरण

६४ वरून ७३ हे मी विसरलो होतो, तो मुद्दा मला मानावा लागेल. एवढ्या वेगाने वाढ राहिली तर माझं "जागा आहे" हे म्हणणं फार दिवस टिकणार नाही. पण मग गेटबाहेरची कामं दुप्पट तातडीची झाली, कमी नाही.

निफाडची_बाग

मी द्राक्ष निर्यात करतो, जानेवारी ते एप्रिल आमची पळापळ. रिफर म्हणजे थंड डब्यात माल शून्याच्या आसपास ठेवून रॉटरडॅमला जातो. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला लागली तेव्हा आमचा माल दोनेक आठवडे जास्त पाण्यावर राहिला, भाडं वाढलं ते वेगळं. त्यात आपल्या बाजूला डबा रांगेत उभा राहिला आणि डबा थंड ठेवणाऱ्या जेनसेटचं डिझेल संपलं तर काय होतं ते बागायतदारालाच माहीत, तिकडे पोचल्यावर देठ तपकिरी पडलेला असतो आणि भाव पडतो. वर्षभराची छाटणी, डिपिंग, मजुरी सगळी त्या एका डब्यात असते.

म्हणून मला उरणवाल्या दादांचं पटतं आणि तरी मी वाढवणच्या बाजूने आहे. कारण एकाच दारातून सगळ्या राज्याचा माल बाहेर काढायचा असेल तर त्या दाराशी गर्दी होणारच, कितीही रस्ता मोठा करा. भरवीरला समृद्धीपासून वाढवणपर्यंत साधारण १०५ किलोमीटरचा रस्ता मंजूर झालाय, तो झाला तर निफाडवरून माझा ट्रेलर ठाणे-पनवेलच्या गर्दीत न शिरता समुद्रावर पोचेल. दोन बंदरं असली की दर पण ताळ्यावर येतात. १९९९ मध्ये न्हावा शेव्यात पहिलं खासगी टर्मिनल आलं तेव्हा आमचे वडील सांगायचे की शेजारी दुसरा धक्का उभा राहिल्यावर जुन्याचं काम पण सुधारलं. मला तसंच परत व्हायला हवंय.

सरंगा_डहाणू

सगळं वाचलं. खोली, टीईयू, देठ, डिझेल, सगळं. एवढ्या चर्चेत एकदा पण मासेमारी हा शब्द आला नाही म्हणून लिहितेय.

मी डहाणूच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातली, शाळेत शिकवते, भाऊ बोट घेऊन जातो. दादा म्हणतात खोली देवाने दिली. ज्या पाण्यात खोली आहे, खडक आहे, तिथेच मासळी अंडी घालायला येते, ते पण देवानेच दिलंय. डोल जाळं, म्हणजे खुंटांना बांधून एका जागी लावायचं जाळं, कुठेही लावता येत नाही, खुंट मारलेल्या जागा ठरलेल्या असतात, आजोबाची जागा बापाकडे, बापाची मुलाकडे. "दुसरीकडे जाऊन मासे धरा" म्हणणाऱ्याला हे कळतच नाही की दुसरीकडे दुसऱ्याचे खुंट आहेत. पापलेट म्हणजे सरंगा, त्याला २०२३ मध्ये राज्य मासा केलं, आणि तो जिथे मिळतो त्या दर्यात दहा किलोमीटरची भिंत घालायची.

डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर आहे. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून प्राधिकरण नेमलं, न्यायमूर्ती धर्माधिकारी अध्यक्ष होते, आणि १९९८ मध्ये त्याच प्राधिकरणाने वाढवणचं बंदर नाकारलं. जुलै २०२३ मध्ये अटी घालून परवानगी दिली. मधल्या पंचवीस वर्षांत समुद्र तोच, गावं तीच. मग बदललं काय, हे आम्हाला समजेल असं कोणी सांगितलं नाही. गावात नुसती मासेमारी पण नाही, वाढवणात घराघरांत डायमेकिंग चालतं, दागिन्यांचे साचे बनवतात, मागे चिकूच्या वाड्या आहेत. बारा लाख रोजगार येणार म्हणतात. जे आहेत ते मोजले का?

गोदी_निवृत्त

सरंगाताई, रोजगारावर मी बोलू शकतो. मुंबई गोदीत पस्तीस वर्षं टॅली क्लार्क, म्हणजे माल मोजून लिहिणारा, होतो. पोती यायची तेव्हा एका जहाजावर टोळ्याच्या टोळ्या चढायच्या, आकडा खांद्यावर, आठवडा आठवडा जहाज धक्क्याला. डबा आला आणि तेच काम मूठभर माणसं करायला लागली. माझ्याबरोबरच्या हजारो लोकांच्या मुलांना गोदीत नोकरी लागली नाही. मी डब्याच्या विरोधात नाही, पोती उचलून आमच्या लोकांच्या पाठी मोडल्या होत्या, ते दिवस परत नकोत. पण बारा लाखांत ट्रकवाला, गोदामातला हमाल, चहावाला सगळे धरलेले असतात. धक्क्यावरच्या पक्क्या नोकऱ्या थोड्याच असतात आणि त्या शिकलेल्यालाच मिळतात.

विळिंजममध्ये एक गोष्ट चांगली झालीय, यार्डातल्या ऑटोमॅटिक क्रेन कंट्रोल रूममधून चालवायला तिथल्याच मच्छीमार समाजाच्या मुलींना शिकवून घेतलं. पण त्याआधी २०२२ मध्ये तिथल्या मच्छीमारांनी महिनोनमहिने आंदोलन केलं होतं हे पण खरं. इकडे शिकवायचं तर भराव टाकायच्या आधी वर्ग सुरू व्हायला हवेत, आत्ता, डहाणू आणि पालघरमध्ये, आणि शिकून झाल्यावर नोकरीची लेखी हमी.

दर्यावर्दी_७९

ताई, मासेमारीचा उल्लेख केला नाही ही माझी चूकच. तरी प्रामाणिकपणे सांगतो, बंदर व्हावं हे मत बदललेलं नाही. पण नुकसानभरपाई आधी आणि बंदर नंतर, यावर मी तुमच्या बाजूने उभा राहीन.

करळफाटा_उरण

भरपाई आधी, हे आमच्या उरणने रक्त सांडून शिकलंय. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि नवघरला गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, दि. बा. पाटील साहेबांनी लढा दिला तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व आलं. आणि ती जमीन मिळता मिळता माणसं म्हातारी झाली. शेवा गावची माणसं उठवून हनुमान कोळीवाड्यात नेली, त्या घरांना वाळवी लागली, तिसरी पिढी अजून दाद मागतेय. माझी आजी शेवा गावची. म्हणून मी बंदरावर पोट भरतो तरी मला वाढवणची घाई बघून काळजी वाटते. तुमच्याकडे ते साडेबारा टक्के गोळी चालायच्या आधी ठरायला हवेत.

सरंगा_डहाणू

तुमच्या आजीचं वाचून बरं नाही वाटलं दादा. पण साडेबारा टक्के कशाचे? ते जमिनीचे देतात. समुद्राचा सातबारा कोणाच्या नावावर नसतो. सरकार म्हणतं बंदर भरावावर होणार, गावाची जमीन जाणारच नाही, म्हणजे कागदावर आम्ही विस्थापितच नाही. भावाच्या बोटीचं रजिस्ट्रेशन आहे, पण खुंटाचा कागद नाही. आई बाजारात मासे विकते तिचा तर कुठलाच कागद नाही.

करळफाटा_उरण

याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, पण एक वाट आहे. जेएनपीटीच्या चौथ्या टर्मिनलच्या वेळी उरणच्या चार कोळीवाड्यांतले मच्छीमार हरित लवादात गेले होते, जमीन गेली म्हणून नाही, खाडी आणि मासळी गेली म्हणून. फेब्रुवारी २०१५ मध्ये लवादाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख द्यायचा आदेश दिला. पुढे ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि पैसे वेळेवर आले नाहीत, तरी सातबारा नसताना कुटुंबं मोजली गेली एवढं त्यात आहे. त्या निकालाची प्रत मी काढून ठेवतो. आमच्याकडच्या सोसायटीत जे काका तेव्हा यादीच्या कामात होते त्यांना रविवारी भेटून विचारतो की कुटुंब कसं धरलं, मासे विकणाऱ्या बायका धरल्या की नाही. तुमच्या गावात कोणी लिहून घेणारं असेल तर आत्तापासून खुंटांचा नकाशा काढा, कोणाचा कुठे, किती वर्षांपासून, सोसायटीचा शिक्का मारून. भराव पडल्यावर ते दाखवता येणार नाही.

सरंगा_डहाणू

मुलांना घेऊन सुरू करते. सातवी-आठवीची पोरं बापांबरोबर जातातच, त्यांना जागा तोंडपाठ आहेत. रविवारी काकांनी काय सांगितलं ते इथेच लिहा.