प्रतिसाद: विरघळणारे स्क्रू आणि एक्सरेतला काळा पट्टा

वर एकाने विचारलंय की मोडलेलं हाड जोडायला बसवलेल्या, हळूहळू विरघळणाऱ्या मॅग्नेशियमच्या स्क्रूभोवती एक्सरेत काळं दिसतंय, म्हणजे इन्फेक्शनच ना? तसंच असेल असं नाही हो. मॅग्नेशियम शरीरातल्या पाण्याशी रिअ‍ॅक्ट होताना हायड्रोजन वायू सुटतो, तोच सुरुवातीचे काही महिने तसा दिसतो, पण ताप, सूज, ठणका असेल तर मात्र लगेच सर्जनला दाखवा, अंगावर काढू नका.

खरी गोम मॅग्नेशियम गंजण्याच्या, म्हणजे विरघळण्याच्या वेगात आहे. १९०७ मध्ये बेल्जियमचा सर्जन लॅम्बोट याने मोडलेल्या हाडावर मॅग्नेशियमची प्लेट स्टीलच्या खिळ्यांनी बसवली, तर ती ८ दिवसांतच विरघळली आणि कातडीखाली गॅस साठला, कारण दोन वेगळे धातू एकत्र आले की मॅग्नेशियम फारच भरभर गंजतं. आता यिट्रियम, झिर्कोनियम वगैरे दुसरे धातू मिसळून तो वेग आवरतात. तरी मांडीच्या, शरीराचा भार पेलणाऱ्या हाडाला न विरघळणारं टायटॅनियमच बरं.