'त्रेसष्ट' ऐकून ३६ का लिहिलं, हे टॅबला कळतं का?

शेवंती
लेक दुसरीत आहे. शाळेने यंदा गणितासाठी टॅबवरचं ॲप आणलंय. 'प्रत्येक मूल आपापल्या गतीने' असं पालकसभेत ऐकवलं. परवा शेजारी बसून पाहिलं. ॲप म्हणालं "त्रेसष्ट", हिने ३६ वर बोट ठेवलं. "अठ्ठेचाळीस", हिने ८४. चार-पाच चुका झाल्यावर तिला थेट १ ते २० मध्ये नेऊन बसवलं, चेंडू मोजायला! ही पोरगी वाण्याकडून पन्नासच्या नोटेचे सुटे बरोबर मोजून घेते. तिचं अडतंय ते नावापाशी: बोलताना तीन आधी, साठ नंतर, लिहिताना उलटं. चुकलं एवढंच ॲपला कळतं, का चुकलं ते नाही. इतक्या लहान मुलांना हे नकोच, असं माझं मत झालंय.

कोडवाला
अशाच कामात आहे, म्हणून बोलतो. हा दोष तुमच्या ॲपचा. ५२ − ३८ चं उत्तर २६ काढणारं मूल काय करतं? २ मधून ८ जात नाहीत, म्हणून ८ मधूनच २ काढतं. अशा ठरावीक चुका प्रोग्रामला ओळखता येतात आणि पुढचं गणित त्यानुसार देता येतं. अंकांची अदलाबदल ओळखणं तर त्याहून सोपं. पण इंग्रजीसाठी बांधलेल्या ॲपला नुसता मराठी आवाज चिकटवला, तर कोण ओळखणार? इंग्रजीत सिक्स्टी आधीच येतं.

दुसरीच्या_बाई
"एकोणसाठ" सांगा, माझ्या वर्गात बरीच मुलं ६९ लिहितात. साठही ऐकू आलेलं असतं, नऊही आठवतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं, तेव्हा केवढी टिंगल झाली! बालभारतीच्या गणित समितीच्या मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या, ऐकतंय कोण. वर्गात विचाराल तर काड्यांचे गठ्ठे काढावेत. दहा-दहाचे सहा, सुट्या तीन. मूल हाताने गठ्ठा सोडतं तेव्हाच हातच्याची वजाबाकी डोक्यात शिरते. काचेवर बोट फिरवून नाही.

आकडेमोड
भावना बाजूला ठेवू. दिल्लीत माइंडस्पार्क या, मुलाच्या पातळीनुसार गणितं देणाऱ्या प्रोग्रामवर मुरलीधरन, सिंग आणि गॅनिमियन यांनी अभ्यास केला, २०१९ मध्ये छापून आला. त्याच्या केंद्रांत प्रवेश सोडतीने दिले होते. साडेचार महिन्यांत गणितात या मुलांची प्रगती सोडतीत नंबर न लागलेल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त. मुळात सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. एका पुस्तकाने एका वर्गात त्यांना कसं शिकवणार?

शेवंती
@आकडेमोड ती मुलं सहावी ते नववीची. इथे सात वर्षांच्या पोरांचं चाललंय. शिवाय त्या केंद्रांत निम्मा वेळ टॅबविना असायचा ना? माणूस छोट्या गटाला शिकवायचा. मग श्रेय नेमकं कुणाला द्यायचं?

आकडेमोड
दोन्ही एकत्रच तपासलंय, वेगळं करून सांगता येत नाही. हे मान्य.

माळावरची_शाळा
शहरातल्या लोकांनो, आमची द्विशिक्षकी शाळा आहे. पहिली-दुसरी मी, तिसरी-चौथी सर. महिन्यातले कितीतरी दिवस एकजण बैठकीला नाहीतर ऑनलाइन माहिती भरायला, म्हणजे चारही वर्ग एकाकडे. अशा वेळी चार पोरं टॅबवर वीस मिनिटं गुंतली, तर तेवढ्यात मी पहिलीसोबत खाली बसून काड्या मोजते. बाईंच्या गठ्ठ्यांना माझा विरोध नाही, पण ते सोडवताना शेजारी बसणारं कुणीतरी लागतं. कोडवाल्यांना मात्र एक विनंती: बरोबर उत्तराला नाणी उधळणं बंद करा. नाण्यांसाठी पोरं धडाधड चारही पर्याय दाबत सुटतात.

कोडवाला
नाण्यांचं खरंय. नाणी काढली की मुलं ॲप कमी उघडतात, म्हणून वरून नकार येतो. यावर आमच्याकडे भांडणं झालीत.

पावकी_निमकी
आम्ही निमकी-दिडकी, म्हणजे अर्ध्याचे नि दीडाचे पाढे घोकले, काही बिघडलं नाही.

दुसरीच्या_बाई
@पावकी_निमकी काका, जे शाळा सोडून गेले ते इथे लिहायला नाहीत.

शेवंती
आज लेकीला म्हटलं, "साठ तीन लिही." ६३ लिहिलं. "त्रेसष्ट" म्हटल्यावर जरा थांबली, पुटपुटली आणि ६३ लिहिलं. @माळावरची_शाळा, तुमची अडचण पटली. पण आमच्या शाळेत बाई असतानाही सगळा वर्ग एकाच वेळी टॅबवर असतो. ते वीस मिनिटांचं वाटप येत्या पालकसभेत मागणार आहे.