परवाना महाराष्ट्राचा, शेत कर्नाटकात. बंदूक नेता येते का?

धुऱ्यावरचा: राम राम मंडळी. आमचं गाव देगलूर तालुक्याच्या टोकाला. थोडं रान इकडं, थोडं औराद तालुक्यात, म्हणजे कर्नाटकात. मधी नुसता धुरा, ना नाका ना पाटी. हरभऱ्यात रानडुकरं शिरतात म्हणून जागलीला बारा बोअर बंदूक सोबत असते. परवान्यावर क्षेत्र 'महाराष्ट्र राज्य', नाव अण्णांचं. पुतण्या टेक्सासला आहे, तो म्हणतो तिकडं एका राज्याचा परवाना दुसरीकडं चालतो. आपला तर कायदाच देशभर एक. मग धुरा ओलांडला तर काय बिघडलं? आणि पुढच्या महिन्यात मेहुण्याचं लग्न बीदरला आहे, तिथं न्यावी का?

ह्यूस्टनचा नांदेडकर: पुतण्याचं अर्धंच खरं. टेक्सासचा परवाना बरीच राज्यं मानतात, पण इलिनॉय, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया बाहेरचा परवाना मानत नाहीत. तिथून नुसतं पार व्हायचं असेल तर १९८६ चा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कायदा आहे: बंदूक रिकामी, डिकीत. खुद्द टेक्सासात २०२१ पासून पात्र माणसाला परवान्याशिवायही बाळगता येते. तिथला हिशोब इथं लावू नका.

जुना कारकून: कलेक्टर ऑफिसात हत्यार परवान्याचं टेबल सांभाळलंय, म्हणून सांगतो. १९५९ चा हत्यार कायदा देशाचा खरा, पण परवाना चालतो तो त्यावर लिहिलेल्या क्षेत्रापुरता. धुऱ्यापलीकडं तो कागद. क्षेत्र वाढवायचं तर ज्यांनी परवाना दिला त्यांच्याकडंच अर्ज, सोबत ठोस कारण. रान पलीकडं असेल तर सातबाऱ्याच्या जोडीला तिकडचा पहाणी उतारा लावा.

पण दादा, तुमचा घोळ धुऱ्याचा नाहीच. परवाना अण्णांचा ना? मग परवान्यावर रिटेनर म्हणून, म्हणजे मालकाच्या वतीनं बंदूक बाळगणारा म्हणून, तुमचं नाव नसेल तर देगलूरच्या बाजारातसुद्धा ती तुम्ही नेऊ शकत नाही. डुक्कर मारायला वन खात्याची परवानगी लागते ती वेगळीच. आणि लग्नात बंदूक? अहो, वरातीत हौसेनं बार काढून कुणाच्या जिवाला धोका झाला तर २०१९ च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही. फेटा बांधा, फटाके उडवा.

अण्णांचं वय किती? सत्तरी झाली किंवा बंदूक बाळगून २५ वर्षं झाली, की हयातीतच वारसाला देता येते. वारसानं स्वतःचा परवाना काढायचा.

धुऱ्यावरचा: अण्णा सत्त्याहत्तरचे. पण ते म्हणतात, बंदूक धाकट्याला देणार. बघतो बोलून.