ससा वाळलेल्या गवताला तोंड लावत नाही. आहार कसा बदलावा?

मधुमालती:
आमच्याकडे दोन वर्षांचा, सुमारे 2 किलो वजनाचा ससा आहे. सकाळी अर्धे गाजर, दिवसभर वाटीत दाणेदार खाद्य आणि संध्याकाळी पोळीचा तुकडा असे त्याचे खाणे आजवर चालले. वाळलेले गवत मात्र तो हुंगून सोडून देतो. गेल्या पंधरवड्यापासून पिंजऱ्यात द्राक्षांच्या लहान घोसासारख्या मऊ, चिकट लेंड्या पडलेल्या दिसतात. हा जुलाब समजावा काय?

काजवा:
वर्णनावरून तरी हा जुलाब वाटत नाही. सशाच्या आतड्यातील एका मोठ्या पिशवीत अन्न आंबून या लेंड्या तयार होतात आणि त्यांतील प्रथिने व जीवनसत्त्वे मिळवण्यासाठी ससा त्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो, त्यामुळे एरवी त्या आपल्या दृष्टीसही पडत नाहीत. पिष्ट व साखर वाढली आणि तंतू कमी पडले, की त्या उरू लागतात. प्रौढ सशाच्या आहारात सुमारे 80 टक्के गवतच असावे. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चघळताना जबडा आडवा फिरतो म्हणूनच दाढा झिजतात. पोळीने ते काम होत नाही. पोळी बंद करावी, दाणेदार खाद्य हळूहळू दिवसाला 50 ग्रॅमच्या आत आणावे आणि गाजर आठवड्यातून एकदोनदा, अंगठ्याएवढेच द्यावे. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला रोज थोडा चालतो.

रानवाट:
गवत म्हणून लसूणघास घालू नये. वाढत्या पिल्लांना तो ठीक आहे. पण त्यात कॅल्शियम फार असते आणि सशाच्या शरीरातील जास्तीचे कॅल्शियम लघवीवाटे जात असल्यामुळे पुढे मूतखड्याचा त्रास होऊ शकतो. हरळी उत्तम, मात्र फवारणी नसलेल्या जागेची. पावसाळ्यात साठवलेल्या गवताला कुबट वास आला, तर ते सरळ टाकून द्यावे.

कदंब:
काजवा यांनी ‘हळूहळू’ म्हटले आहे, त्या शब्दावर माझा सर्वांत अधिक भर राहील. भूक लागली की खाईल, या समजुतीने मी एकदा वाटीच उचलून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ससा कोपऱ्यात अंग आखडून, दात करकरवत बसला होता आणि रात्रभरात एकही लेंडी पडलेली नव्हती. पोटात तंतू गेले नाहीत तर त्याचे आतडे थंडावते. दहा-बारा तास त्याने काहीच खाल्ले नाही, तर पशुवैद्याकडे धाव घ्यावी. खाद्य तीन-चार आठवड्यांत उतरवावे आणि गवत त्याच्या शी-शूच्या तबकालगत ठेवावे, कारण तेथे बसून चघळण्याची सशांना सवयच असते.

मधुमालती:
सर्वांचे आभार. काल गवतात कोथिंबिरीच्या काड्या गुंफून ठेवल्या होत्या. कोथिंबीर संपली आणि तिच्याबरोबर गवताच्या चार काड्याही गेल्या. दात तपासून घेण्यासाठी उद्या त्याला पशुवैद्यांकडे नेत आहोत.